झाकण बंद केलेला बंब

आमच्या घरी पहाटे सगळ्यांत आधी आजी उठायची आणि तिच्यामागून बंब. कसबा पेठेतल्या वाड्याच्या मागच्या पडवीत, मोरीला लागून तो उभा असे. उंची माझ्या छातीएवढी. पोटात पाणी, मधोमध वरून खालपर्यंत गेलेले तांब्याचे नळकांडे, त्याच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि बाजूला पितळी तोटी. नळकांड्यात वरून बंबफोड आणि गोवरीचे तुकडे टाकायचे. धूर त्याच वाटेने वर जायचा. अर्ध्या तासात पाणी असे कढत व्हायचे की विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नसे.

बंब पेटवायचा मान मला नववे लागले तेव्हा मिळाला. आजीची अट एकच होती : “आधी पाणी बघ, मग काडी ओढ.” दुसऱ्याच आठवड्यात मी ती मोडली. रात्री कोणीतरी तोटी अर्धवट उघडी ठेवली होती, पोटात तळाला दोन बोटे पाणी उरले होते, आणि मी झाकण न उचलताच विस्तव घातला. थोड्या वेळाने नळकांड्याच्या सांध्याची झाळ सुटली आणि उरलेले पाणी निखाऱ्यावर पडून पडवीभर राखेचा ढग उठला. वडिलांनी काय केले ते सांगायला नको. बंब मात्र पाठीवर घेऊन मलाच तांबट आळीत जावे लागले. आमच्या घरापासून ती चार मिनिटांवर.

हे सगळे पन्नास वर्षांनी खारघरमध्ये पाचव्या मजल्यावर बसून आठवायला कारण घडले. मी वाफेच्या रेल्वे इंजिनाची चालती प्रतिकृती करायला घेतली होती आणि तिचा तांब्याचा बॉयलर काही केल्या जुळत नव्हता. तेव्हा लक्षात आले की मी जे करतो आहे ते आजीचा बंबच आहे, फक्त झाकण बंद केलेला. त्या झाकणाच्या दोन बाजूंना दोन वेगळे इतिहास आहेत. एक आपल्या तांबटांचा, दुसरा आगगाडीचा.

आधी तांबटांचा. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी पेशवाईत वसली. शहर राजधानी झाले, वाडे उठले, पंगती वाढल्या आणि भांडी घडवणारे हात कोकणातून वर आणले गेले. त्वष्टा कासार म्हणवणारी ही मंडळी कालिकेची भक्त. हंडे, घागरी, बंब, परात, पूजेची उपकरणी हे त्यांचे काम. परदेशी तांबे मुंबई बंदरात उतरायचे. रेल्वे होण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माल पडावात घालून खाडीतून पनवेल बंदराला आणत आणि तिथून बैलांच्या पाठीवर बोरघाट चढत. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये झाला तेव्हा पाठीवरचे ओझे गाडीत गेले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर गेली आणि पनवेलचा तो रस्ता मागे पडला. आज मी राहतो ते खारघर या जुन्या वाटेच्या कडेलाच आहे. समोर खाडी, मागे डोंगर. आमच्या आजीच्या बंबाचे तांबे नाही, पण तिच्या पणजीच्या घागरीचे तांबे याच खाडीतून गेले असणार, असे मला वाटते.

तांब्याच्या कामात कसब्याची ओळख म्हणजे मठारकाम. भांडे घडून झाले की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्याच्या अंगावर एकाला एक लागून ठोके मारत जायचे. ठोक्याची खूण नाण्याएवढी, ओळ सरळ, एकही जागा मोकळी नाही. लोकांना ती नक्षी वाटते. तांबटाला ती ताकद असते. तांबे ठोकले की कडक होते, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही पाण्याने भरून डोक्यावर घेता येतो. पत्रा घडवताना फार कडक झाला तर तो चिरतो, तेव्हा त्याला भट्टीत लालसर ताव देऊन पाण्यात बुडवायचे, की तो पुन्हा मऊ. पोलादाचे उलट आहे. तापवलेले पोलाद पाण्यात टाकले तर कडक होते, तांबे मऊच राहते. ठोका, तापवा, बुडवा, पुन्हा ठोका : तांबटाचा सगळा दिवस या तीन क्रियापदांत जातो.

‘बंब’ हा शब्द आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्याकडे त्याचा अर्थ पाण्याचा पंप. आपण आग विझवणाऱ्या गाडीलाही बंब म्हणतो आणि पाणी तापवणाऱ्या भांड्यालाही. म्हणजे आग लावायलाही बंब आणि विझवायलाही बंब.

आता आगगाडीचा इतिहास. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ मध्ये वेल्समध्ये रुळांवर पहिले वाफेचे इंजिन चालवले. त्याच्या बॉयलरात पाण्यातून जाणारी एकच जाड धूरनळी होती, वळवून पुन्हा पुढे आणलेली. म्हणजे ओळखीचेच : आडवा केलेला बंब. पुढची पंचवीस वर्षे इंजिने याच बेताची होती आणि त्यांची वाफ चढावर संपायची. १८२९ मध्ये इंग्लंडात रेनहिल येथे इंजिनांची शर्यत लागली. स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने ती जिंकली, ती मुख्यतः बॉयलरच्या जोरावर. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथने सुचवल्यावरून त्यात एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ नळ्या घातल्या होत्या. फ्रान्समध्ये मार्क सेगँ त्याच सुमारास त्याच वाटेने गेला होता.

यातली गंमत शाळेच्या गणिताने कळते. ५० मिलिमीटर व्यासाची एक नळी घ्या. साडेबारा मिलिमीटरच्या १६ नळ्यांची तोंडे मिळून तेवढ्याच क्षेत्रफळाची होतात. पण पाण्याला टेकणारा पत्रा सोळा नळ्यांत चौपट होतो. आग तेवढीच, पाण्याला ऊब देणारी जागा चौपट. आमच्या घरच्या बंबाला हे करून उपयोग नव्हता. बारीक नळ्यांत बंबफोड घालणार कसा? म्हणून बॉयलरात आग वेगळ्या पेटीत ठेवतात. तिला फायरबॉक्स म्हणतात. तिच्याभोवती पाणी, तिच्या पुढच्या भिंतीतून नळ्या निघतात आणि पुढच्या टोकाला धूर बाहेर पडतो.

रॉकेटचा फायरबॉक्सही तांब्याचा होता आणि ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांत आतली ही पेटी पुढे शतकभर तांब्याचीच राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची ही पहिली इंजिने लँकशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. बाहेरून लोखंड दिसले, तरी या घराण्याच्या इंजिनांत निखाऱ्याला टेकणारा पत्रा तांब्याचा असे. ऊब वाहून नेण्यात तांबे पोलादापेक्षा सात-आठ पट सरस, गंजत नाही आणि तापले-निवले तरी सहजी चिरत नाही. काळे इंजिन बघणाऱ्याला त्याच्या पोटात लाल धातू आहे, याची कल्पना नसते.

माझा या इंजिनांशी संबंध १९६९ मध्ये आला, शाळेच्या सहलीत. आम्ही नेरळहून माथेरानला चाललो होतो. सर अदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही दोन फुटी रेल्वे १९०४ मध्ये बांधायला घेतली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने तिच्यासाठी सहा चाकांची चार छोटी इंजिने दिली. त्या तीव्र वळणांवर चाके सरकून घेतील अशी त्यांची रचना एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या बेताची होती. बार्शी लाइट रेल्वे उभारणारा हाच माणूस. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. डिझेल तेव्हा आले होते, पण वाफेचे इंजिन अजून मधूनमधून लागायचे आणि आमच्या नशिबाने त्या दिवशी तेच होते. वॉटरपाइप नावाच्या स्टेशनावर ते थांबले. मी खिडकीतून बघत होतो. ड्रायव्हरने समोरच्या काचनळीकडे पाहिले, मग फायरमनकडे, आणि काहीतरी बोलला. काय ते ऐकू आले नाही, पण मला आजीच दिसली.

पुढे मी बॉयलर अटेंडंट झालो. १९८२ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो, आधी दुसऱ्या वर्गाचा दाखला, मग पहिल्या वर्गाचा. चौतीस वर्षे वाफ केली. पाळीवर येताच पहिली नजर पाण्याच्या काचेवर, दुसरी दाबाच्या काट्यावर. २००२ मध्ये खारघरला घर घेतले, तेव्हा इथे रात्री पांडवकड्याकडून कोल्हेकुई ऐकू यायची. पनवेलला दिव्याहून गाडी आली ती साठीच्या दशकात, आणि खारघरवरून लोकल पनवेलला जाऊ लागली ती नव्वदीच्या अखेरीस, विजेवर. आता मेट्रोही पेंधरपर्यंत जाते. या गावाने वाफेचे इंजिन कधी पाहिलेच नाही. निवृत्त झाल्यावर वाटले, एक तरी दाखवावे.

लहान बॉयलरचाही एक इतिहास आहे आणि तो बहुतेक इंग्रजांचा. लंडनमध्ये १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक काढले. त्या काळी छोट्या इंजिनाचा बॉयलर स्पिरिटच्या दिव्यावर चाले आणि आपल्यामागे चार डबे कसेबसे ओढी. १९२०च्या दशकात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माजी रेल्वे कामगाराने ठणकावून सांगितले, की लहान इंजिनातही कोळशाचा फायरबॉक्स आणि तांब्याच्या नळ्या घाला, ते जिवंत माणसाला ओढेल. बॅसेट-लोक या नामांकित खेळणी कंपनीशी त्याचा वाद जुंपला. तो ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या ‘आयेशा’ नावाच्या अडीच इंची रुळांवरच्या इंजिनामागे माणूस बसवून त्याने तो जिंकला. पुढे १९६७ मध्ये मरेपर्यंत तो कारकून, गवंडी, शिक्षक अशा लोकांना घरातल्या घरात बॉयलर कसा करायचा ते आठवड्यामागून आठवडे सांगत राहिला. या मासिकाचे जुने अंक मला मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर मिळाले, पावसाने फुगलेले.

वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. त्याने पानेच्या पाने खर्चून जे शिकवले आहे, म्हणजे पत्र्याला ताव देणे, फर्म्यावर कड वळवणे, सांधा साफ करणे, झाळणे, ते सगळे तांबट आळीतला बारा वर्षांचा मुलगा करत असे. मग हा छंद तिकडे का रुजला आणि इकडे का नाही? हात इथे होते, तांबे इथे होते, इंजिनेही दारावरून जात होती. नव्हता तो कागद. नकाशा वाचणारा हातोडी धरत नव्हता आणि हातोडी धरणाऱ्यापर्यंत नकाशा पोचत नव्हता. दोन्ही एकाच माणसात आले तेव्हा काय झाले तेही आपण पाहिले आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून स्वतः लोखंडाला भिडले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण असे लक्ष्मणराव किती?

मी माथेरानचे इंजिन निवडले ते नुसत्या आठवणीने नाही. साडेतीन इंची, म्हणजे ८९ मिलिमीटर रुळांसाठी मोठ्या गाडीचे इंजिन केले तर त्याचा बॉयलर फारच बारीक होतो. दोन फुटी रुळांवरचे इंजिन त्याच मापात केले तर ते जवळपास सातास एक बसते, आणि बॉयलरात हात घालायला जागा राहते. माझ्या बॉयलरचे पिंप ११५ मिलिमीटर व्यासाचे, पत्रा तीन मिलिमीटर.

पत्रा आणायला मुंबईच्या गुलालवाडीत गेलो. तिथे तांबे वजनावर मिळते आणि भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो. तीन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा जवळपास २७ किलो भरतो. मला पाऊण चौरस मीटरही नको होता. दुकानदाराने विचारले, “काका, पूजेचे काय करताय?” मी म्हटले, “इंजिन.” त्याने पत्रा कापताना दोनदा माझ्याकडे पाहिले.

कडा वळवण्यापासून सुरुवात केली. बॉयलरच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांना आणि फायरबॉक्सच्या भिंतींना चहूबाजूंनी काटकोनात कड असावी लागते, म्हणजे सांध्याला धरायला पत्रा मिळतो. लोखंडी फर्म्यावर तांबे ठेवायचे आणि लाकडी मोगरीने हळूहळू वाकवत न्यायचे. दहा-बारा ठोक्यांत पत्रा कडक होतो, ठोक्याचा आवाज बदलतो, हातोडी उसळी घेऊ लागते. तिथे थांबून ताव द्यायचा. एका चकतीला मला चार ताव लागले. हे मी बाल्कनीत करत होतो. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव आले. “रोज रात्रीपर्यंत ठक ठक येतंय, तुमच्याकडे काम चालू आहे का?” समोरच्या उंबरावर त्याच वेळी तांबट पक्षी बसला होता, आपली एकसुरी टुक-टुक करत. मी बोट दाखवले. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “तो रात्री आठनंतर ओरडत नाही.” दुसऱ्या दिवशी मी सामान उचलून तळोज्यात एका मित्राच्या शेडमध्ये नेले. पाखराला नाव तांबटाचे मिळाले, पण ठोकायची जागा तांबटाला राहिली नाही.

खरा घोटाळा झाळताना झाला. बॉयलरचे सांधे चांदीच्या झाळीने जोडतात. कारण साधे आहे. शिसे-कथलाची नरम झाळ १८३ अंशांना वितळते. माझा बॉयलर चौरस इंचाला ८० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५.६ किलो दाबाने चालणार होता, आणि त्या दाबाची वाफ १६२ अंशांची असते. वीस अंशांच्या अंतरावर जीव टांगायचा नसतो. ५५ टक्के चांदीची झाळ साधारण ६३० ते ६६० अंशांत वितळते, आणि तांबे १०८५ अंशांना, म्हणजे मधे भरपूर मोकळीक आहे. जुन्या इंग्रजी लेखांत सांगितलेल्या झाळीत कॅडमियम असे. तिचा धूर फुप्फुसाला विष असतो, ती मी घेतली नाही. सगळे वाचले होते, पण गॅसची बंदूक सांध्यावर धरली की ऊब सगळ्या पत्र्यात पळून जायची. वीस मिनिटांनी, झाळ धरावी म्हणून सांध्याला लावलेला फ्लक्स जळून त्याची काळी काच झाली आणि झाळ मण्यांसारखी वर बसून राहिली. दोन वेळा हेच.

तेव्हा मी कसब्यात गेलो. ज्यांनी माझा बंब झाळला होता ते कधीच गेले, पण त्यांच्याच पिढीचे एक जण, ऐंशी ओलांडलेले, दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी पिशवीतून फायरबॉक्स काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला.

“कड बरी वळवलीय. झाळायला काय केलंत?”

“सांधा तापवला, बाबा.”

“सांधा कशाला तापवता? भांडं तापवा. सांधा भांड्यातच असतो ना?”

परत येऊन विटांची चौकट केली, तळाला लोणारी कोळसा पसरला, फायरबॉक्स त्यात गळ्यापर्यंत बसवला आणि दोन बाजूंनी बंदुका लावल्या. सगळे तांबे गडद लाल झाल्यावर कांडी सांध्याला नुसती टेकवली. झाळ पाण्यासारखी धावत सांध्याच्या पलीकडे जाऊन चमकली. हा धडा एलबीएससीच्या लेखातही होता, तीन वेळा वाचलेला. पण “भांडं तापवा” म्हणेपर्यंत माझ्या हाताला तो कळला नव्हता.

याच भेटीत दोन धंद्यांची वाट कुठे फुटते तेही समजले. त्यांनी विचारले, “मठार मारणार का?” मी म्हटले, मारला तरी राहणार नाही. सातशे अंशांच्या आसपास गेले की तांब्यातली ठोकून आणलेली सगळी ताकद जाते. झाळून झालेला बॉयलर म्हणजे मऊ तांबे, म्हणून पत्र्याची जाडी सुरुवातीपासून मऊ तांब्याच्या हिशेबाने घ्यावी लागते. हंड्याला ताकद हातोडी देते, बॉयलरला ती जाडी देते आणि स्टे देतात. म्हातारबाबांना हे पटले नाही असे नाही, पण आवडले नाही. “म्हणजे हातोडीचं काम मधेच संपलं,” ते म्हणाले.

स्टे म्हणजे फायरबॉक्सच्या सपाट भिंतीला बाहेरच्या भिंतीशी बांधणाऱ्या बारीक सळया. पिंप गोल असल्याने दाबाखाली आपला आकार धरून राहते, सपाट पत्रा मात्र फुगायला बघतो. तळहाताएवढा, दहा सेंटिमीटर चौरस पत्रा घ्या. ५.६ किलोच्या दाबाने त्याच्यावर ५६० किलोचा रेटा येतो. एक भरलेली म्हैस. दर दोन सेंटिमीटरवर एक याप्रमाणे त्याला २५ स्टे लावले, की एकेकाच्या वाट्याला २२ किलो येतात, तेवढे तांब्याची बारीक सळईही हसत धरते. बंबाला याची गरज कधी पडली नाही, कारण त्याचे झाकण नुसते ठेवलेले असते. पाणी उकळले तर ते खुळखुळते, इतकेच.

झाकण बंद केले की काय होते हे जगाने माणसे गमावून शिकले आहे. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर बंगालने १८६४ मध्ये बॉयलर तपासणीचा कायदा केला. सगळ्या देशासाठी एक कायदा १९२३ मध्ये आला, आणि त्याची जागा आता २०२५च्या नव्या कायद्याने घेतली आहे. पोटात २५ लिटरही न मावणाऱ्या भांड्याला कायदा हात लावत नाही, आणि माझ्या बॉयलरात जेमतेम दोन लिटर पाणी मावते. म्हणजे माझा इन्स्पेक्टर मीच. चौतीस वर्षे ज्याची वाट बघत अंग पुसून बॉयलर उघडा ठेवायचो, त्या माणसाची खुर्ची अशी फुकट मिळाली.

तपासणी थंड पाण्याने करायची असते. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने चालत्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. थंड पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा सुटला तर एक चूळ बाहेर येते आणि दाब शून्यावर पडतो. तेच १६२ अंशांच्या पाण्याच्या बाबतीत झाले, तर त्यातले काही पाणी क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची उघड्यावर सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. पहिल्या चाचणीत काटा सात किलोवर गेला आणि डावीकडची खालून दुसरी नळी पाझरू लागली. थेंब येई, थांबे, पुन्हा येई. बॉयलर पुन्हा सौम्य आम्लात धुतला, पुन्हा निखाऱ्यात बसवला, पुन्हा झाळला. दुसऱ्या खेपेला ११.२ किलोवर अर्धा तास काटा हलला नाही. मी शेडमध्ये स्टुलावर बसून तो अर्धा तास नुसता बघत होतो. मित्राने चहा आणला होता, तो गार झाला.

गेल्या माघात त्यात पहिला विस्तव घातला. दगडी कोळसा नंतर, सुरुवात लोणारी कोळशानेच. अठराव्या मिनिटाला काटा हलला, आणि साडेपाचच्या पुढे जाताच सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला. नातीने कानावर हात ठेवले आणि विचारले, “आजोबा, हे बिघडलं का?” मी म्हटले, हे बिघडू नये म्हणूनच असं ओरडतं.

मोठ्या बॉयलरवर सरकारी नोंदणी क्रमांक ठोकलेला असतो. माझ्यावर कोणी ठोकणार नव्हते. म्हणून पनवेलच्या भांडी बाजारात भांड्यांवर नावे घालून देणाऱ्याकडे गेलो आणि चाचणीचा दाब, तारीख आणि आजीचे नाव घालून घेतले. तो म्हणाला, हल्ली लोक नावे घालून घेत नाहीत. तेव्हा आमचा जुना बंब आठवला. त्याच्या गळ्याशी पणजोबांचे नाव, गाव आणि शके घातलेले होते. १९८० नंतर घरात गिझर आला आणि बंब मोडीत गेला, वजनावर. साल कोणते होते ते आता घरात कोणालाच आठवत नाही.

तांबट आळीचा इतिहास कागदावर फार थोडा आहे. तो आपल्या माळ्यांवर पडलेल्या भांड्यांच्या गळ्याशी कोरलेला आहे. तुमच्याकडे बंब असेल आणि तो मोडीत द्यायचा ठरला असेल तर जरूर द्या, जागा सगळ्यांनाच कमी आहे. फक्त देण्याआधी नळकांड्याचे माप घ्या, झाळ कुठे आणि कशी केली आहे ते पाहा, आणि गळ्यावरचे नाव, गाव, साल वहीत उतरवून ठेवा.